दुपारची गोळी

माझ्या फायलीत एक कागद आहे. ‘सामूहिक नकलेस प्रोत्साहन दिल्याबद्दल समज देण्यात येत आहे.’ वर शिक्का, मध्ये सही, खाली ‘मान्य’ असं छापून माझ्या सहीपुरती जागा. ती जागा अजून कोरी आहे. मला जे म्हणायचं होतं ते तेवढ्या जागेत मावत नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

शहराबाहेर, राऊच्या एका खासगी कॉलेजात मी ऑनलाइन वर्गाची चर्चा चालवते. हे काम आहे, हेच लोकांना पटत नाही. आत्या विचारते, “म्हणजे तू शिकवत नाहीस?” नाही. शिकवणारे वेगळे, त्यांची व्याख्यानं रेकॉर्ड करून ठेवलेली असतात. “मग पेपर तपासतेस?” थोडेफार. “मग दिवसभर करतेस काय?” वाचते, आत्या. त्यावर आतेभाऊ म्हणतो, “व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन आहेस, असं सांग ना सरळ!”

तर सरळ सांगते. आमचा डिप्लोमा आरोग्य सहायकांचा, एक वर्षाचा. विद्यार्थी सगळे नोकरीवाले. वर्गात येऊन बसणं त्यांना जमत नाही, म्हणून वर्ग फोनवर. सोमवारी मी एक प्रश्न टाकते. गुरुवारपर्यंत प्रत्येकाने आपलं उत्तर लिहायचं आणि रविवारपर्यंत दुसऱ्या दोघांच्या उत्तरांवर आपलं म्हणणं मांडायचं. सगळ्यांचं लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. कुणी दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहितं, कुणी शहरात पलासियाच्या सिग्नलला. हिंदी, मराठी, इंग्रजी आणि माळवी एकाच वाक्यात नांदतात. इथे मी ते बहुतेक मराठीत आणलं आहे. जिथे आणल्यावर त्यातला जीव जातो, तिथे तसंच ठेवलं आहे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कृष्णपुऱ्याजवळच्या एका छापखान्यात होते. कामगार, शिक्षक, परिचारिका, ज्यांचं म्हणणं कुणी छापत नाही त्या सगळ्यांची पत्रकं तिथे निघायची आणि शाळा सुटली की मी घड्या घालायला बसायची. ‘जाहीर धिक्कार’ हे शब्द मला माझ्या पत्त्याच्या आधी लिहिता येत होते. छापखान्याच्या पाळीमुळे बाबा सकाळी अकराला जेवायचे, ते एकदम संध्याकाळी सातला. छापखाना सुटला, पाळी सुटली नाही. आजही तेच.

असल्या घरातून आलेली मुलगी पहिला प्रश्न कसा टाकेल? मी टाकला : ‘खासगी दवाखान्यांतली रुग्णांची लूट थांबली पाहिजे, असे तुम्हाला वाटत नाही का?’

चाळीस विद्यार्थी. गुरुवारपर्यंत एकोणचाळीस उत्तरं आली. ‘सहमत.’ ‘पूर्णतः सहमत, मॅम.’ ‘आपने बिलकुल सही कहा.’ एकाने सहमतीसोबत गुलाबाचं चित्र आणि सुप्रभात जोडलं होतं. मला वाटलं, काय वर्ग आहे! क्रांती राऊ बायपासपर्यंत आलीच आहे.

चाळिसावं उत्तर वैशालीचं. पलासियातल्या एका क्लिनिकमध्ये ती काउंटरवर बसते. चिठ्ठ्या फाडणं, नंबर पुकारणं, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध पुन्हा समजावून सांगणं, हे तिचं काम. एकदा हा डिप्लोमा अर्धा करून मुलाच्या वेळेस सोडला होता, ही दुसरी आणि नियमाप्रमाणे शेवटची खेप. तिने लिहिलं होतं : ‘मॅडम, मी खासगी क्लिनिकमध्येच काम करते. सहमत लिहू की खरं लिहू?’

मी खुर्चीत मागे टेकले. एकोणचाळीस जणांनी विचार न करता माझ्या पत्रकाखाली सह्या केल्या होत्या आणि मी त्याला चर्चा समजत होते. ज्या प्रश्नाच्या पोटात उत्तर शिवून टाकलेलं असतं तो प्रश्न नसतो, हुकूम असतो. मालकाने केला काय आणि मी केला काय.

‘खरं लिहा. यापुढे कुणीही सहमत लिहायचं नाही. सहमत असाल तर का आणि कुठपर्यंत, ते लिहा,’ असं मी सगळ्यांना कळवलं. गुलाबवाल्याने ताबडतोब उत्तर दिलं : ‘सहमत, मॅम.’

त्यानंतर मी हे काम शिकले. लोकांना वाटतं यात बोलावं लागतं. यात गप्प बसावं लागतं. पहिल्या उत्तराला ‘शाबास’ म्हटलं की दुकान बंद, बाकीचे समजतात की मॅडमला हवं ते मिळालं, आता काय लिहायचं. म्हणून पहिला एक दिवस मी तोंड उघडत नाही, आणि माझ्या घराण्यात ही फार मोठी शिक्षा आहे. दोघं भांडायला लागले तर सोडवायला धावत नाही, फक्त ते माणसावर घसरत नाहीत ना एवढं पाहते. आणि जो तीन आठवडे नुसता वाचतोय, त्याला नावाने हाक मारून त्याच्याच कामातलं काहीतरी विचारते. हे शेवटचं मी नेहमी केलं नाही. त्याबद्दल पुढे.

आता गोळीची गोष्ट.

आमच्या पुस्तकात एक धडा आहे : रुग्ण औषध अर्धवट का सोडतात. कारणं ओळीने दिलेली : अशिक्षितपणा, निष्काळजीपणा, अंधश्रद्धा. मी प्रश्न टाकला : ‘तुमच्या ओळखीच्या एका माणसाने औषध मध्येच सोडलं. का? पुस्तक बाजूला ठेवून लिहा.’

वैशालीने दुपारच्या मोकळ्या वेळात लिहिलं : ‘आमच्याकडे लोक पुन्हा दाखवायला येतात तेव्हा उरलेल्या गोळ्या घेऊन येतात. सकाळच्या संपलेल्या, रात्रीच्या संपलेल्या. दुपारच्या तशाच. मी एका बाईंना विचारलं. त्या पॅकिंगच्या कारखान्यात आहेत. म्हणाल्या, खाने के बाद लिखा है, बेटा. दोपहर में खाते कहाँ हैं?’

बोटं शिवशिवत होती. मला तिथे कामगार कायदा, जेवणाची सुट्टी, सगळं लिहायचं होतं. घड्या घालून तयार होतं. लिहिलं नाही. हातावर हात ठेवून बसले.

संध्याकाळी इरफानने लिहिलं. तो औषधाच्या दुकानात आहे. ‘आम्ही गोळ्यांचा पत्ता कापून देतो. नाव एका अर्ध्यावर राहतं, तारीख दुसऱ्या अर्ध्यावर. पेशंटच्या हातात तीन पांढऱ्या गोळ्या. पढ़ा-लिखा हो तो भी क्या पढ़ेगा?’ मग गजेंद्रभिया आले. वर्गातले वयाने सर्वांत मोठे, राऊच्या बसवर कंडक्टर, अपघात झाला तर पहिल्या मदतीला उपयोगी पडावं म्हणून शिकणारे. ‘मी ब्लड प्रेशरची गोळी सकाळी घेत नाही. घेतली की लघवीला जावं लागतं. बस मेरे बाप की है क्या, कि रोक दूँ?’

पुस्तकातला निष्काळजी रुग्ण असा एकेक करून वर्गात येऊन बसला, आणि त्याला नोकरी होती, पोट होतं, अब्रू होती.

मग भांडण झालं. तेच मला हवं होतं. वैशाली म्हणाली, चिठ्ठी डॉक्टरांकडे जायच्या आधी काउंटरवरच विचारायचं, दुपारी जेवता का? ते चिठ्ठीवर लिहायचं. गोळी कधी द्यायची ते डॉक्टर ठरवतील. इरफान म्हणाला, डॉक्टर के पास टाइम कहाँ है? वैशालीने उत्तर दिलं, ‘माझ्याकडे आहे. चिठ्ठी मी लिहिते.’

यावर गजेंद्रभिया भडकले. ‘वैशालीजी, भरल्या क्लिनिकमध्ये कुणाला विचाराल की दुपारी जेवता का? कोण हो म्हणेल की नाही जेवत? मैं तो झूठ बोलूँगा. इज्जत की बात है.’

दोन दिवस त्यावर चाललं. कुणी म्हणालं कानात विचारा, कुणी म्हणालं फॉर्मवर लिहून घ्या. शेवटी गजेंद्रभियांनीच सुचवलं, ‘सगळ्यांना एकच विचारा : खाने के टाइम बता दो. जो दोनदा जेवतो तो दोन वेळा सांगेल, जो चारदा खातो तो चार. कुणी मान खाली घालणार नाही.’

मी पस्तिशीचीही नाही, पण इतकी पत्रकं वाचली आहेत. त्यातल्या एकातही माणसाचा मान राखून त्याची भूक विचारणारं असं वाक्य मला सापडलेलं नाही.

वैशालीने दुसऱ्या दिवसापासून तसं विचारायला सुरुवात केली आणि काय झालं ते वर्गात लिहीत राहिली.

वर्षाच्या शेवटी लेखी प्रकल्प असतो. विषय दिलेला, औषध सोडण्याची कारणं आणि उपाय. त्यात नापास तर वर्ष नापास. कॉलेजात एक सॉफ्टवेअर आहे, ते सारखं दिसणारं लाल करतं. अकरा प्रकल्प लाल झाले. अकराही जणांनी दुपारची गोळी लिहिली होती, आणि ‘खाने के टाइम बता दो’ हे वाक्य जसंच्या तसं.

विभागप्रमुख सोवनी सरांनी मला बोलावलं. ते नागपूरचे, इथे येऊन दोन वर्षं झालेली. माणूस वाईट नाही. नियम त्यांना जेवणासारखे वेळेवर लागतात.

“मॅडम, हे काय आहे?”

“सर, ही चर्चा आहे. सहा आठवड्यांपूर्वीची. त्यांनी एकमेकांकडून शिकलंय.”

“एकमेकांकडून घेतलं की त्याला आपल्याकडे कॉपी म्हणतात.”

“आणि पुस्तकातून घेतलं की?”

“त्याला अभ्यास म्हणतात.” बहुधा आपलंच वाक्य सरांना ऐकू आलं असावं. मग म्हणाले, “हे पाहा, मी मध्यममार्ग काढतो. ही कल्पना पहिल्यांदा कोणाची? त्या वैशालीची ना? तिला पूर्ण मार्क देऊ. बाकी दहा शून्य. चौकशी समितीसमोर तिने फक्त सांगायचं, हे माझं आहे, यांनी उचललं.”

वैशालीला डिप्लोमा मिळाला की क्लिनिकमध्ये ती काउंटरवरून रुग्ण समन्वयक होणार होती. नाही मिळाला तर तिसरी खेप नव्हती.

आता जे लिहिते आहे ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. मी तिला फोन केला आणि म्हटलं, “वैशाली, घे. सुरुवात तुझीच आहे. खोटं काहीच नाही त्यात.”

पलीकडे कुणाचा तरी नंबर पुकारून ती परत फोनवर आली. “मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, सहमत लिहायचं नाही?”

“हे वेगळं आहे गं.”

“सुरुवात मी केली. माझं वाक्य तर भियाने मोडून काढलं. मी तेच विचारत बसले असते तर लोक खोटं बोलले असते. मग माझं काय आहे त्यात? आधा भी नहीं.”

ज्या घरात ‘जाहीर धिक्कार’ घडी घालून ठेवला जायचा, त्या घरातल्या मुलीला हे काउंटरवरच्या बाईने शिकवावं लागलं.

चौकशी राऊलाच झाली. टेबलापलीकडे सोवनी सर, परीक्षा विभागाच्या मॅडम आणि बाहेरून बोलावलेले एक म्हातारे डॉक्टर. अलीकडे मी, मांडीवर सगळ्या चर्चेची छापील प्रत, वेळेसकट. बाहेर बाकावर अकरा जण. पहिल्यांदा एकमेकांना प्रत्यक्ष पाहत होते. “अच्छा, तुम हो इरफान! मुझे लगा था मोटे होंगे,” असं गजेंद्रभियांचं चाललेलं आतपर्यंत ऐकू येत होतं.

वैशालीला आधी बोलावलं. सरांनी विचारलं, “ही कल्पना तुमची?”

“शुरू माझ्याकडून झाली, सर. पूर्ण सगळ्यांनी केली.”

“नीट विचार करून सांगा.”

“विचार करूनच सांगते. मला एकटीला मार्क देणार असाल तर ते चूक आहे. ते वाक्य मी बनवलंच नाही.”

परीक्षा विभागाच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मग अकरा शून्य. विषय संपला.”

तेव्हा मी उभी राहिले. मला भाषण येतं. रक्तातच आहे. पण समोर प्रश्न हवा होता आणि माझं काम प्रश्न विचारण्याचं आहे. मी म्हटलं, “या अकरा जणांना नक्कल केली का, असं विचारू नका. नाहीच म्हणतील. प्रत्येकाला एवढंच विचारा की, या उपायातलं तुला काय पटत नाही? ज्याने उचललंय त्याला सगळंच पटलेलं असतं. ज्याने विचार केलाय तो कुठेतरी अडलेला असतो.”

सोवनी सर नको म्हणणार होते. म्हातारे डॉक्टर म्हणाले, “पूछने में क्या जाता है?”

इरफान आत आला. काय पटत नाही? “सर, टाइम लिहून घेतलं, पण दुकानात आम्ही पत्ता कापणारच. जोपर्यंत पाकिटावर गोळीचं नाव लिहीत नाही, तोपर्यंत हे अर्धंच आहे. मी लिहायला लागलोय. मालिक चिढ़ता है.” एक मुलगी म्हणाली, रोजंदारीवाल्यांच्या जेवणाच्या वेळा रोज बदलतात, त्यांचं काय? गजेंद्रभिया आले ते बसलेच. “लघवीचा मुद्दा कोणीच सोडवला नाही, साहेब. सब खाने पे अटक गए.”

डॉक्टर हसले. “मी चाळीस वर्षं ‘जेवणानंतर’ असं लिहीत आलो,” ते सोवनी सरांकडे वळून हिंदीत म्हणाले. “कुणाला विचारलं नाही, कौनसा खाना.”

नऊ जण असे अडलेले निघाले. दोघांना उत्तर देता आलं नाही. त्यांतला एक लोकेश. त्याच्या प्रकल्पात लिहिलेलं, ‘हमारे क्लिनिक में हमने देखा.’ लोकेश मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. परीक्षा विभागाच्या मॅडम माझ्याकडे पाहत होत्या आणि मी मान खाली घातली. त्याने नक्कल केली होती, मी त्याची वकिली केली नाही. पण घरी येऊन त्या छापील प्रतीत त्याचं नाव शोधलं. वर्षभरात त्याने सात वेळा लिहिलं होतं. सातपैकी एकालाही कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. मीही नाही. शांततेची एवढी महती सांगणारी मी. एखाद्याच्या बाबतीत ती नुसती पाठ फिरवणं असते, हे मला तेव्हा कळलं. लोकेशला पुन्हा बसण्याची एक संधी होती. यंदा तो परत वर्गात आहे आणि त्याच्या पहिल्या उत्तराला पहिला सवाल माझा होता.

नऊ जण पास झाले, त्यांत वैशालीही. मला तो कागद मिळाला. आणि नव्या वर्षात सोवनी सरांनी वर्गाची रचना बदलून घेतली. आता विद्यार्थ्यांचं लिहिलेलं फक्त मला दिसतं, एकमेकांना नाही. ‘म्हणजे गैरप्रकाराला वाव नको.’ चाळीस माणसं एका खोलीत बसवायची, प्रत्येकाच्या भोवती भिंत बांधायची आणि त्याला वर्ग म्हणायचं.

मी त्यांना लेखी कळवलं आहे की, हे मला मान्य नाही. त्यांचं उत्तर येईपर्यंत मी टपालवाली झाले आहे. इरफानसारख्या एखाद्याने लिहिलेलं, त्याला विचारून, नावासकट पुढच्या प्रश्नात टाकते : अमुक असं म्हणतो, तुम्हाला यात काय पटत नाही? त्यावर आलेलं पुन्हा त्याच्यापर्यंत पोचवते. काम तिप्पट झालं आहे. सरांना हे माहीत आहे. मी त्यांच्यापासून काही लपवत नाही. लपूनछपून करायला ही चोरी थोडीच आहे?

मागच्या महिन्यात बाबांचा खोकला हटेना. औषध चालू होतं, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं. म्हटलं, वैशालीच्या क्लिनिकला दाखवू. वैशाली त्या दिवशी सुट्टीवर होती. काउंटरवर नव्याने लागलेल्या एक बाई. त्यांनी नाव, वय लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, “खाने के टाइम बता दो, बाबूजी.”

“ग्यारह और सात,” बाबा म्हणाले.

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, अकरा, सात. बाबांनी खिशातून आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्या काढून काउंटरवर ठेवल्या. एक पत्ता सकाळचा, रिकामा. एक रात्रीचा, रिकामा. एक दुपारचा, भरलेला. हे वाक्य ज्यांनी बनवलं त्यांच्यासाठी मी समितीसमोर उभी राहिले होते आणि माझ्याच घरात ते विचारलं नव्हतं.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?” मी त्या बाईंना विचारलं.

“क्या, टाइम पूछना? पता नहीं, मॅडम. यहाँ सब यही पूछते हैं.” आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

त्यांना वैशालीचं नाव ठाऊक नव्हतं, गजेंद्रभियांचं तर नाहीच. शब्द मात्र जसेच्या तसे होते, एकही बदललेला नाही. सोवनी सर, पलासियात भरदिवसा सामूहिक नक्कल चालू आहे. बसवा चौकशी. मी सही करणार नाही.